वेटसूट धुण्याची एकोणीस पानं

इचलकरंजीत वडील दुसऱ्याच्या मागांवर कामाला होते. कॉलेजातून आले की मी कांड्या भरायला बसायचे, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायला. चार वर्षांत एकही गॅदरिंग पाहिलं नाही. पण डिग्री घेतली. आमच्या घरात पहिलीच.

त्यामुळे २०२० मध्ये माझी मुलगी सई पहिल्या वर्षाला गेली आणि म्हणाली, "आई, आय जॉइन्ड द कयाक क्लब," तेव्हा मी एवढंच विचारलं, "आणि अभ्यास?"

"एव्हरीवन जॉइन्स समथिंग, आई."

आम्ही आयर्लंडमध्ये, तिच्या कॉलेजच्याच गावात, लिमरिकला राहतो, तरी लॉकडाऊनमुळे तिचं कॉलेज बेडरूममध्येच चालायचं. क्लबही स्क्रीनवर. दर बुधवारी क्विझ. त्या खोलीतून हसण्याचा आवाज फक्त बुधवारी यायचा. दोन महिन्यांत माझं "आणि अभ्यास?" बंद झालं.

वसंतात क्लबने तिला किट ऑफिसर केलं. होड्या, हेल्मेटं, वेटसूट सगळं तिच्या ताब्यात. वेटसूट म्हणजे गार पाण्यात घालायचा जाड रबरी पोशाख. क्लबात सगळे आळीपाळीने तेच घालतात. कॉलेजची अट आली: सामान निर्जंतुक कसं करणार ते लिहून द्या, नाहीतर सप्टेंबरपर्यंत नदी बंद. म्हणजे एकही मैत्रीण समोर न भेटता पोरीचं पहिलं वर्ष संपणार.

इथे मी मध्ये पडले.

मी मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये व्हॅलिडेशन करते. एखादी प्रक्रिया दर वेळी तोच रिझल्ट देते, हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं, हे माझं काम. शनिवार-रविवार बसून मी प्रोसिजर लिहिली. एकोणीस पानं, तीन सह्यांचे रकाने, दोन परिशिष्टं.

"आई, इट्स अ वेटसूट. नॉट अ हार्ट व्हॉल्व्ह."

"पाठव गुपचूप."

तिने पाठवली. कॉलेजच्या सेफ्टीवाल्या बाईंचं उत्तर आलं: हे मुलांनी करून दाखवावं, पुढच्या शुक्रवारी, बोटहाउसवर. एकोणीस पानं मुलांकडून कशी करून घ्यायची, म्हणून सई माझ्याशी बोलेनाशी झाली.

त्यानंतरच्या सोमवारी प्लांटच्या कॅन्टीनमध्ये दोन मीटरवरून मी हे बॉसला सांगितलं. नोरीन तिचं नाव, इथलीच, स्पष्टवक्ती.

"सूट धुणार कोण?" तिने विचारलं.

"मुलं."

"मग लिहिलंस तू का? आपला नियम काय?"

नियम मला पाठ होता. नवी प्रोसिजर ऑपरेटरच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या, हातात द्यायची आणि इंजिनीअरने हात मागे बांधून गप्प उभं राहायचं. ऑपरेटरने आपल्याकडे वळून पाहिलं, की चूक आपल्या कागदाची.

"याच कारणासाठी तू तीन इंजिनीअरांचे कागद परत पाठवलेस," नोरीन म्हणाली. "आता स्वतःचाही परत पाठव."

घरी जाऊन सईला म्हटलं, "माझं चुकलं. तू लिही. मी ऑपरेटर होईन."

तिने एक पान लिहिलं, फोटोंसकट. मागच्या अंगणात पिंप भरलं आणि मला सूट दिला. स्वतः हात मागे बांधून उभी राहिली. चौथ्या पायरीला मी अडले. "अगं, बुडवून किती वेळ ठेवायचा?"

तिने मागचा हात पुढे घेतला. फक्त पेनाने काहीतरी टिपलं.

"सांग की!"

"ऑपरेटर लुक्ड अप," ती म्हणाली आणि हसली. त्या दिवशी बुधवार होता, पण क्विझला अजून अवकाश होता.

कुंपणावरून शेजारचे आजोबा म्हणाले, "ग्रँड डे फॉर इट," म्हणजे धुण्याला झकास दिवस. माझे हात कोपरांपर्यंत भिजले होते.

शुक्रवारी मी बोटहाउसबाहेर गाडीतच बसले. दार उघडायला हात दोनदा गेला, दोनदा मागे घेतला. सईने नंतर सांगितलं, आत तिने तो दुरुस्त केलेला कागद दोन नव्या मुलांना दिला आणि स्वतः एक शब्द बोलली नाही. कोणी वर पाहिलं नाही. बाईंनी तिथेच सही केली.

मुलांच्या क्लबला हातभार लावायचा असेल, तर पालकांनी धुण्याचं काम मागून घ्यावं. लिहिण्याचं नाही.

जूनमध्ये क्लब शॅनन नदीत उतरला. सई तिसऱ्या होडीत होती. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. क्लबात जाणारी ती.