काळी वाळू आणि आमच्या जाऊबाई

आमच्या जाऊबाईंपुढे मी केव्हाच हात टेकलेत. वयाने मोठ्या पडल्या, नाहीतर चांगलं ऐकवलं असतं. कुठं काळं दिसलं की या बाईचे हात शिवशिवलेच! तव्याची पाठ म्हणू नका, नळाची तोटी म्हणू नका, काही सोडत नाहीत. मागे माझ्या नवऱ्याच्या चपला घासता घासता अंगठाच उपटून ठेवला. सगळी गल्ली त्यांना 'घासणी' म्हणते, आणि यांना त्याचंही कौतुक!

बरं, घरात घासा ना. पण नोकरी कुठं, तर पाणीपुरवठ्याच्या गाळणीघरात. आधी तिथं मोठे भाऊजी होते. ते काळे हात घेऊन घरी आले की या त्यांना दारातच अडवायच्या. नखं घासल्याशिवाय आत घ्यायच्या नाहीत. भाऊजी गेले आणि त्यांच्या जागी या लागल्या. तिथं दोन मोठे हौद आहेत, वाळूने भरलेले. वरून विहिरीचं पाणी सोडायचं, खालून गाळलेलं गावाला द्यायचं. भाऊजींनी वाळू भरली तेव्हा ती पांढरी होती, पुढे वर्षानुवर्षं काळी होत गेली.

मध्यंतरी तपासणीला मोठे साहेब येणार असं कळलं. झालं! बाईंना झोप लागेना. "लोक म्हणतील, नवरा गेला आणि हिनं घाण साठू दिली." कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. एक हौद बंद केला, घमेल्याघमेल्याने वाळू बाहेर काढली आणि फरशीचं ॲसिड ओतून चोळली. त्या उग्र वासाने खोकून खोकून बेजार झाल्या, पण थांबतील तर शपथ. घरी आल्या त्या मिरवतच. "अगं, पांढरीशुभ्र झाली! आणि पाणी? नुसती काच!"

साहेबांनी त्या काचेसारख्या पाण्याचा नमुना तपासायला नेला आणि कपाळावर हात मारून परत आले. आमची विहीर पडली बंद खाणीच्या खालच्या अंगाला. पाण्यात धातू विरघळलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत. "बाई, तो मळ नव्हता हो," साहेब म्हणाले. "जिवाणू पाण्यातल्या मँगनीजचं काळं ऑक्साइड करतात, त्याचा थर वाळूवर बसतो. मग तोच थर निकेल, कोबाल्ट, जस्त असलं सगळं पाण्यातून ओढून स्वतःला चिकटवून घेतो. तुम्ही वाळू ठेवलीत आणि गाळणी धुऊन टाकलीत."

तो हौद बंद झाला. निम्मंच पाणी येऊ लागलं आणि गल्लीतल्या सगळ्या बादल्या आमच्या दाराशी येऊन भांडू लागल्या. शिव्या कुणी खायच्या? मी! साहेबांनी सांगितलं, दुसऱ्या हौदातली काळी वाळू विरजणासारखी यात मिसळा, पाणी हळू सोडा आणि हात लावू नका. पुढच्या तपासणीपर्यंत पाणी सुधारलं नाही, तर गाळणीघरात दुसरा माणूस येईल.

हात लावू नका म्हणे! या बाईला! तिथला सगळा राग घरातल्या भांड्यांवर निघायला लागला. माझ्या कढईचा तळ पातळ झाला. शेवटी मी वैतागले. "अहो, जाऊ दे ना ती नोकरी! आम्ही काय तुम्हाला उपाशी ठेवणार आहोत?"

त्या घासायच्या थांबल्या. "नोकरीचं नाही गं. ह्यांनी रोज पाणी सोडलं, रोज कणभर थर बसला. ह्यांचं तेवढंच उरलं होतं तिथं. मी एका दिवसात घासून टाकलं. आता तिथून मलाही काढलं, तर मी जाऊ कुठं?"

मला इतका राग आला, पण तो काढायचा कुणावर, तेच कळेना. मी कढई त्यांच्या हातातून काढून घेतली.

मग रोजचं एकच पुराण. हात पाठीमागे बांधून हौदाच्या काठावर उभं राहायचं आणि घरी येऊन सांगायचं. आज वाळू चहासारखी दिसतेय. आज जरा तपकिरी वाटतेय. नाही गं, तशीच आहे. ऐकून ऐकून माझे कान किटले.

तपासणी झाली. निकालाच्या दिवशी मी नुकतीच पांढरी चादर दोरीवर टाकत होते, तर बाई फाटकातूनच ओरडत आल्या. "पाणी चांगलं निघालं! मी राहिले गं तिथंच!" आणि मला मिठी मारली. चादरीवर काळे पंजे, माझ्या दंडावर काळे पंजे. हौदात हात घालून तशाच धावत आल्या होत्या!

"अहो जाऊबाई, माझी चादर! आधी ते हात धुवा!" मी साबण आणायला वळले.

त्यांनी माझा हात धरला. मग स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिल्या.

"राहू दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "ह्यांचे हात असेच असायचे."