आत वळलेला काठ

ठकूच्या बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा आधी पाट्या रंगवणं सुटलं. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला; पट्टी न लावता एका दमात सरळ रेघ ओढणारा माणूस म्हणून बाजारात त्यांचं नाव होतं. मग सही बिघडली. मग चहाचा कप अर्धाच भरायचं ठरलं. आणि एका दुपारी त्यांच्या चमच्यातले मटार टेबलावरून घरंगळत मावशीच्या मांडीत गेले. "असू द्या हो भाऊजी, लहान मुलांचंही असंच होतं," मावशी बोलून गेली. बाबा टेबलावरून उठले, ते पुन्हा तिथे जेवायला बसलेच नाहीत. सगळ्यांचं उरकलं की स्वयंपाकघराचं दार लोटून एकटे जेवायचे. आत चमचा ताटावर खडखडायचा, बाहेर आई टीव्हीचा आवाज वाढवायची.

ठकू त्यांची एकुलती एक मुलगी. शिकत होती कॉमर्सला. पण मैत्रिणीने गळ घातली म्हणून कॉलेजमागच्या शेडमध्ये मातीकामाच्या वर्गालाही जायची. सुरुवातीला चाकावरची माती नुसती भेलकांडायची. शिकवणाऱ्या बाई खेकसायच्या, "अगं, गोंजारतेस काय तिला? कोपर मांडीला टेकव. हात हलणारच, त्याला आधार द्यायचा असतो."

कोपर टेकलं आणि माती पहिल्यांदाच चाकाच्या मधोमध गपगुमान बसली. ठकूला एकदम बाबा आठवले. घरात सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. ताटाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

तिने एक वाडगा घडवला. बूड जड, म्हणजे सरकणार नाही. एका बाजूचा काठ आत वळलेला, म्हणजे चमचा तिथे टेकला की घास निसटणार नाही. भाजून, ग्लेझचा चकचकीत लेप चढवून तो तिने बाबांसमोर ठेवला. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. त्यांना लगेच कळलं.

"हा फक्त मला?"

"हो बाबा, खास तुमच्यासाठी."

"मग गळ्यात लाळेरं कधी बांधतेस?"

वाडगा तिच्याकडे सरकवून ते निघून गेले. "नसत्या उठाठेवी कुणी सांगितल्या होत्या?" आई पुटपुटली. पण तिचे डोळे भरले होते.

ठकू रागाने धुमसत राहिली. राग ओसरायला लागला तसं तिला उमगलं, की बाबांना काठ टोचला नव्हता, 'फक्त मला' टोचलं होतं. घरात माणसं तीन. तिघांचे वाडगे सारखे असले तर? म्हणजे आणखी दोन हवे होते.

पण सत्रातली शेवटची भट्टी तोंडावर आली होती. तिने घाईघाईत चाकावरून दोन वाडगे उतरवले. भट्टीत ठेवण्याआधी वाडगा गालाला लावून बघायचा, गार लागला तर आत पाणी आहे, हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पाण्याची वाफ झाली की भांडं फुटतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं. एक वाडगा कोरडा होता. दुसरा किंचित गार लागला. माझाच गाल तापला असेल, असं मनाशी म्हणत तिने तो फळीवर ठेवला. भट्टीचं दार बंद झालं.

आत सगळ्या वर्गाची परीक्षेची कामं होती. तिच्याच फळीवर एका सीनियर मुलीची उंच सुरई होती, महिनाभर खपून केलेली. ती मुलगी बाकावर बसून निवांत सफरचंद खात होती. भट्टीवरचा तापमानाचा आकडा वर चढत होता, तशी ठकू पुन्हा पुन्हा त्याकडे बघत होती. सांगावं तर सगळे तोंड भरून शिव्या देणार. न सांगावं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित.

"बाई, भट्टी बंद करा."

"काय झालं?"

"माझा एक वाडगा ओला आहे. मला कळलं होतं. तरी ठेवला."

सफरचंद हातातच राहिलं. "माझी सुरई त्याच फळीवर आहे!" सीनियर किंचाळली.

बाईंनी बटण बंद केलं. पण दार लगेच उघडून चालणार नव्हतं. गार हवा लागली तर सगळंच तडकलं असतं. सगळे भट्टीभोवती कान टवकारून उभे राहिले. आतून कसलाही टक् आवाज झाला की ठकू बाईंच्या तोंडाकडे बघायची.

शेवटी भट्टी निवल्यावर बाईंनी दार उघडलं, हात घालून तो वाडगा काढला. बुडाला आरपार तडा गेला होता. सुरई धडधाकट होती. बाकीचं सगळंही. बाईंनी भट्टी पुन्हा सुरू केली.

"सांगितलंस ते बरं केलंस," बाई म्हणाल्या. "पण उशिरा सांगितलंस, हेही विसरू नकोस."

सीनियर सत्र संपेपर्यंत तिच्याशी बोलली नाही.

उरलेला वाडगा भाजून, ग्लेझ होऊन घरी आला. ठकूने टेबलावर तीन जागा मांडल्या. एक वाडगा आईला, एक बाबांच्या खुर्चीसमोर, स्वतःला ताटली. आईने टीव्ही बंद केला.

"बाबा, जेवायला या."

ते दारात येऊन थबकले. आई मान खाली घालून मटार-भात खात होती. "मला तर बाई हाच बरा," ती म्हणाली. "माझेही मटार पळतातच की. मी गुपचूप पदरात झाकते, एवढंच."

बाबांच्या ओठांचा कोपरा हलला. ते बसले. चमचा काठावर खडखडला, दोन मटार टेबलावर पडले. कुणीच तिकडे बघितलं नाही.

"तुझा वाडगा कुठाय?"

ठकूने सगळं सांगितलं, गार लागलेल्या गालापासून तड्यापर्यंत.

"ती मुलगी फार बोलली का गं?"

"बोललीच नाही."

"मग ते जास्त लागलं असेल." त्यांनी चमचा काठाला टेकवला. "पुढच्या वेळी काठ आणखी थोडा आत घे. आणि सावकाश वाळव. माझं जेवण कुठे पळून जात नाही."

मग त्यांनी वाडगा आईपुढे केला आणि आणखी भात मागितला.

त्यानंतर ते रोज आले असं नाही. हात फारच हलायचा त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार अजूनही लोटलेलं असायचं. पण पुढच्या सत्रात टेबलावर वाडगे तीन झाले, आणि पुढे मावशी आली की तिच्यासाठी चौथाही निघू लागला.