औषधांच्या खिडकीतला विटांचा गेम

आम्ही आरोग्य केंद्रातली जुनी माणसं एखाद्या लग्नात भेटलो की हातातलं जेवणाचं ताट तसंच राहतं. कुणीतरी विचारतं, "तो गेम आहे का हो अजून?" आणि मग गाडी थांबत नाही. एक जण सांगायला लागतो, दुसरा मध्येच दुरुस्ती करतो, तिसऱ्याला नवीनच काही आठवतं. खरं तर दवाखान्यात रोज माणसं जन्माला यायची, साप चावून यायची, कधी परत जायचीही नाहीत. पण आम्ही आठवतो ते त्या वीतभर प्लॅस्टिकच्या डबीचे किस्से.

साल शहाण्णव-सत्त्याण्णव. नेवासा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी फार्मासिस्ट होतो, गावच्या भाषेत कंपाउंडर. राहायला नगरला, सावेडीत, रोज एसटीनं अप-डाऊन. मेव्हणा मुंबईहून आला तो माझ्या मुलासाठी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन. दोन पेन्सिल सेल टाकायचे, की काचेवर वरून विटा पडायला लागायच्या. त्या फिरवून खाली बसवायच्या, ओळ भरली की ती गायब. त्यातच गाड्यांची रेस, साप, बेडूक असले आणखी खेळ. मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता. तो मोठा होईपर्यंत गेम सांभाळायची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली.

*

पहिला धक्का दिला मंजुळाबाईनं. ही गुडघेदुखीची म्हातारी, दर सोमवारी यायची. मी गोळ्या मोजत होतो आणि गेम खिडकीच्या फळीवर चालूच राहिला होता. तिनं त्यावर सरळ पंजा ठेवला. गेम टुंईं करून वाजला. काय दाखवतंय, असं तिनं विचारलं. मी आपला गमतीनं म्हणालो, सगळं नॉर्मल आहे.

दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर बायकांची ही रांग! औषध एकीलाही नको होतं. निमसे डॉक्टर बाहेर आले. नवीनच एमबीबीएस झालेला तरुण माणूस, मोठ्या उत्साहानं खेड्यात आलेला. त्यांना एका बाईनं अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, "डॉक्टर, तुमी नळी लावून बघता ते ऱ्हाऊ द्या. आमाला मशीनवर तपासा."

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या मंजुळाबाईनं ऐकून घेतलं.

"खेळणं असू दे, न्हाई तर काय असू दे," ती म्हणाली. "माजा गुडघा थांबलाय."

*

त्यानंतर साळवे सिस्टर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. साळवे सिस्टर म्हणजे पंचवीस वर्षांची नोकरी आणि कडक इस्त्रीची पांढरी साडी. त्या व्हरांड्यात आल्या की इंजेक्शनला घाबरून रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. मी गेम त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांच्या कपाटात कुलूपबंद झाला.

आठवड्यानंतर दुपारी ओपीडी संपल्यावर मी स्टॉकचं रजिस्टर घेऊन त्यांच्या खोलीकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आतून गेम संपल्यावर वाजते ती धून ऐकू आली, आणि लगेच नवीन डाव सुरू झाल्याची. मला वाटलं, कुणाचं तरी पोर आत शिरलंय. दार ढकललं, तर सिस्टर स्वतः! पाय स्टुलावर, चष्मा कपाळावर, जीभ दाताखाली. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"थांबा जरा," म्हणाल्या. "उभी कांडी येतीय."

मी दहा मिनिटं रजिस्टर छातीशी धरून उभा राहिलो. मग त्यांनी मला स्कोर दाखवला. माझ्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या स्कोरच्या दुप्पट होता. मला तिथंच खुर्ची ओढून बसावं लागलं.

गेम मला परत मिळाला, पण एका अटीवर. रोज जेवणानंतरचा अर्धा तास सिस्टरांचा.

*

बशीरभाई आमच्या जीपचे ड्रायव्हर. वीस वर्षं गाडी चालवली, पण कधी कुत्र्यालासुद्धा धक्का लागला नव्हता. त्यांनी गेम मागितला तो फक्त गाड्यांच्या रेससाठी, आणि मागताना जरा हसलेसुद्धा. विटाबिटा तुम्ही रचा म्हणाले, गाडीचं काम आमचं.

पहिली गाडी समोरच्या गाडीवर आदळून गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. बशीरभाईंचा चेहरा पांढराफटक. गेम त्यांनी बॉनेटवर ठेवला, जीपला एक चक्कर मारली, वाकून चाकं बघितली आणि निघून गेले.

त्यानंतर आठवडाभर जीप तिसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. नेवाशाच्या मीटिंगला डॉक्टर पोचले तेव्हा लोक चहा पिऊन बाहेर पडत होते. परत येताना डॉक्टरांनी जरा चिडूनच विचारलं, की हे काय चाललंय? बशीरभाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "साहेब, एका मिनिटात तीन वेळा मेलो मी."

*

नगरहून अचानक तपासणीला आलेल्या साहेबांचं तर विचारूच नका. साहेब लसींचा फ्रीज बघत होते, आम्ही सगळे हात बांधून उभे, आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात कसं कोण जाणे बटण दाबलं गेलं. ती धून अख्ख्या खोलीत वाजली. साहेबांनी हात पुढे केला. गेम बघितला, बॅगेत टाकला आणि जीपमध्ये बसून गेले.

आता मेमो येणार, हे नक्की होतं. डॉक्टरांनी उत्तराचा कच्चा मसुदासुद्धा तयार ठेवला. नवव्या दिवशी टपालात पाकीट आलं. मेमो नव्हता. आत गेम होता, नवे सेल घातलेला, आणि सरकारी कागदावर साहेबांच्या अक्षरात एक ओळ: "सातव्या लेव्हलच्या पुढे कसे जावे, कृपया कळवावे."

सिस्टरांनी दोन पानी उत्तर लिहिलं. डॉक्टरांनी त्यावर जावक नंबर टाकला.

*

एक किस्सा मात्र मला हसत सांगता येत नाही.

त्या दिवशी दुपारी गेमचे सेल संपले. लेबर रूममध्ये एक छोटी बॅटरी असायची, पेन्सिल सेलवर चालणारी. मी तिचे सेल काढून गेममध्ये घातले आणि संपलेले तिच्यात भरून ठेवले. उद्या येताना नवे आणू, असा विचार केला.

दिवेलागणीला, मी एसटीसाठी निघणार इतक्यात, एक बाई बाळंतपणाला आली आणि पाठोपाठ वीज गेली. डॉक्टर नेवाशाला गेलेले. बाळ झालं, रडलं, पण बाईचं रक्त थांबेना. सिस्टरांनी बॅटरी मागितली. मी बटण दाबलं. एक लालसर ठिपका दिसला आणि विझला.

का विझला ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी धावत खिडकीकडे गेलो. गेमचं मागचं झाकण दातानं उचकटलं. सेल घातले आणि परत आलो. तोंड भिंतीकडे करून, हात मागे लांब करून मी बॅटरी धरून उभा राहिलो. किती वेळ, ते आजही सांगता येणार नाही. सिस्टर त्या बाईशी बोलत होत्या, मध्येच मला उजेड वर-खाली घ्यायला सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, झालं.

बाई वाचली. सिस्टर नळावर हात धूत असताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, मग माझ्याकडे बघितलं.

"ती वाचली म्हणून सांगताय तुम्ही. गेली असती तर सांगितलं असतं का?"

मी ते सेल बॅटरीतच राहू दिले आणि ती जागेवर नेऊन ठेवली.

सेल काढले की या गेममधले सगळे स्कोर पुसले जातात. मी सेल बदलल्यावर दुपारी सिस्टरांनी नव्यानं केलेला मोठा स्कोरही गेला होता. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

*

इथपर्यंत आलं की मग निमसे डॉक्टर स्वतःच म्हणतात, "आता भाऊरावांचं सांगा."

भाऊराव सोनईकडच्या एका वस्तीवरचे. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही म्हणून दाखला पाहिजे होता. दाखला नगरला मिळणार, पण आधी आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागायची. दाखला मिळाला की एसटीला सवलत, मग जामखेडला दिलेल्या लेकीकडं जाता येईल, असं ते म्हणाले. सोबत बायको, ठकूबाई. तिनं त्यांना हाताला धरून आणलं, बाकावर बसवलं, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. दोन वर्षं झाली, म्हणाली, घाससुद्धा मीच भरवते. बोलतानाही तिनं त्यांचा हात सोडला नव्हता.

डॉक्टरांनी डोळ्यांवर उजेड टाकला, बोटं नाचवली, कागद धरला. भाऊराव समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि शिक्का मारायला माझ्याकडे दिली. शिक्क्याचं पॅड वाळून गेलेलं. मी शाई शोधायला लागलो.

तेवढा वेळ काय करायचं म्हणून डॉक्टरांनी टेबलावरचा गेम उचलला. दोघांना त्रास नको म्हणून आवाज बंद केला. त्या काचेला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून खिडकीजवळ, भाऊरावांच्या बाकाला टेकून उभे राहिले. खोलीत अगदी शांत. फक्त बटणांची टिकटिक. विटा भराभर चढायला लागल्या, डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

मला शाई सापडली. चिठ्ठीवर शिक्का उमटवला.

आणि भाऊराव, घरातल्या पोराला सांगावं तसे, अगदी हळू म्हणाले, "डावीकडं, डॉक्टर. आडवी करा. बसंल ती."

डॉक्टरांचा अंगठा जागच्या जागी थांबला. विटा वरपर्यंत गेल्या.

ठकूबाईनं गेमकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. मग तिनं हातात धरलेला त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर नीट ठेवला आणि आपला पंजा पदराला पुसला.