मोर्णेवरचं धुकं आणि माझं लग्न

वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत सोन्याचा भाव आला, तेव्हा आमच्या अकोल्यात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या आणि माणसांच्या डोक्यात हवा. आमच्या बाबांनी दोन्ही हौशी भागवल्या आणि वर मोर्णाकाठच्या घरावर माडी बांधली. तिची गरज कोणालाच नव्हती. पण माझं लग्न करायचं होतं.

मुलगी अमरावतीच्या बड्या अडत्याची. रिवाज असा, की मुलीकडच्यांनी येऊन घर पाहायचं. पण ऐन हंगामात अडत्याला बाजार सोडवेना. मुलीचं काय, पुढल्या वर्षीही ती मुलगीच राहणार होती. कापसाच्या भावाचा भरवसा नव्हता. त्याने निरोप धाडला, ‘सवडीने येऊ. हिवरखेडचंही एक स्थळ आलं आहे.’

त्या दिवसांत नदीपलीकडे एक गोरा चित्रकार तंबू ठोकून होता. अडत्या घरापर्यंत येत नाही, तर घरच त्याच्याकडे पाठवू, असं बाबांनी ठरवलं. साहेबाला तूप पोचू लागलं. साहेब पौषातल्या धुकट पहाटे उठून गाव रंगवू लागला.

चित्र तयार झालं. बाबांनी ते दोनदा फिरवून पाहिलं.

“साहेब, माडी कुठी हाय?”

साहेबाने एका करड्या डागावर बोट ठेवलं.

“हे? हे तं म्हैस बसून राहिली.”

“जो दिखता, वो बनाया.”

“दिसत नसन तं चला, जिना चढून दाखवतो.”

साहेबाचा तंबू गाडीत चढला होता. दुसरं चित्र होणार नव्हतं.

“बाबा, हे पाहून कोन पोरगी देईन?” मी म्हणालो.

“मंग हिवरखेडवाल्याच्या वरातीत नाच.”

आमचा मुनीम चित्र घेऊन गेला आणि हसत परतला. अडत्याने म्हणे चित्र उजेडात धरलं. नदी, घाट, घरं, सगळ्यांवर पांढरं. मग हळूच म्हणाला, “एवढा कापूस? उघड्यावरच टाकता काय?”

मुनीम मुरलेला. “जागा पुरत नाई, शेटजी.”

मुहूर्त निघाला.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात सासरे प्रथमच आमच्या माडीवर आले. मधल्या काळात भाव धाडकन पडला होता आणि त्यांची वखार न विकलेल्या कापसाच्या गाठींनी छतापर्यंत भरली होती. खालचा नदीकाठ मात्र लख्ख मोकळा.

“इवाई, तो कापूस?”

“इकला,” बाबा म्हणाले.

“कवा?”

“भाव होता तवा.”

सासऱ्यांनी रिकाम्या काठाकडे एकवार पाहिलं. “शायने हा तुमी,” ते म्हणाले.