डावीकडचा माणूस

सुट्टीत माहेरी माकणीला गेले की मी पाठीवर वाळूची पिशवी बांधून धरणाच्या भिंतीवर चढ-उतार करायची. कपडे धुणाऱ्या बाया विचारायच्या, नवस बोललीस का काय. मी कळंबच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. लडाखमधल्या शिखरासाठी पायांची, पाठीची, दमाची तयारी मी केली होती. डोक्याची तयारी कशी करायची, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सहा हजार मीटरच्या वर भूक मेली. पाण्याचीसुद्धा शिसारी यायची. एक पाऊल टाकायचं, थांबून श्वास घ्यायचा, मग पुढचं. बुटाचा पट्टा आवळायला वाकले की हात कशासाठी खाली गेला होता, तेच आठवायचं नाही. शिखरावर पोचलो, पण आनंद माझ्यापर्यंत आलाच नाही. पोचली ती दुसरीच कुणी, मी लांबून बघतेय असं वाटत राहिलं.

उतरताना बर्फाच्या सपाटीवर धुकं आलं. दोराच्या पुढच्या टोकाला माझा लडाखी वाटाड्या, मागच्या टोकाला मी. माझ्यामागं कुणी नव्हतं. तरी कुणीतरी चालत होतं. मला त्याची भीती वाटली नाही, आणि आज त्या न वाटण्याचीच जास्त भीती वाटते. श्वास घ्यायला थांबलो तेव्हा मी खजूर तोडला आणि अर्धा मागं धरला.

वाटाड्यानं ते पाहिलं. तो हसला नाही. आमचं बोलणं हिंदीतूनच चालायचं.

"दीदी, तो मागं आहे की पुढं?"

"मागं."

"मग चालू दे. पुढं आला तर मला सांगा."

थोड्या वेळानं तो पुढं आला. डावीकडं, दोरापासून जरा लांब. खांद्यावर घोंगडी, पायांत काही नाही. टाचांच्या भेगा मला स्पष्ट दिसत होत्या. तोंड पलीकडं होतं.

"लई चाललीस," तो म्हणाला. "इथं बस जरा."

बोली आमच्याकडचीच. तिथला बर्फ कुळवलेल्या रानासारखा सपाट होता. मी वाटाड्याला काहीतरी सांगायचं होतं, एवढं आठवत होतं. काय, ते आठवेना. मी डावीकडं पाऊल टाकलं.

दोर बाजूला ओढला गेला तसा वाटाड्या बर्फात रोवायची कुऱ्हाड रोवून खाली बसला. त्यानं मला दोरानं ओढून घेतलं. पुढं आला का, असं विचारलं. मी मान हलवली. त्यानं डावीकडं पाहिलंसुद्धा नाही. दोर आखूड बांधला, माझा हात आपल्या पाठपिशवीवर ठेवला आणि सांगितलं, काहीही बोला, पण बोलत राहा.

मला एसटीची गावंच सुचली. कळंब, येरमाळा, येडशी, धाराशिव. संपली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा येरमाळ्याशी अडकले. पुढचं गाव येईना.

"येडशी," डावीकडून आवाज आला.

वाटाड्यानं मान वळवली नाही. पण त्याची पावलं भराभर पडायला लागली.

खाली उतरल्यावर धुकं विरळ झालं. मागं वळून पाहिलं तर मी डावीकडं पाऊल टाकलं होतं तिथला बर्फ खचला होता आणि आत निळी भेग दिसत होती.

हिमदंशानं डाव्या पायाचं एक बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला प्राणवायू कमी पडला की भास होतात, बऱ्याच जणांना होतात. मला ते पटतं. शाळेत मुलींनाही मी तेवढंच सांगते.

पण लेहहून निघायच्या दिवशी मी वाटाड्याला विचारलं होतं, तिथं वर तुम्हाला काही ऐकू आलं का. तो पेल्यात चहा ओतत होता. पेला भरून त्यानं माझ्यापुढं सरकवला.

"मला तुमची भाषा समजत नाही, दीदी," तो म्हणाला.

समजलं का, असं मी विचारलंच नव्हतं.