दिगूने बंद केलेली गोळी

"भाऊजी, लगेच या! ह्यांचं तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाहीये..." वहिनींचा फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी करून आरशासमोर उभा होतो. मंगळवार, सकाळचे सव्वासात. नाहूरला आमच्या इमारती समोरासमोर आहेत, त्यामुळे साबण लागलेल्या तोंडानेच जिना उतरलो आणि त्यांचा जिना चढलो. दिगू स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडला होता. उजवा हात, उजवा पाय गेलेला. डाव्या मुठीने तो स्वतःच्याच उजव्या हातावर दणादण बुक्के मारत होता. ऊठ, ऊठ म्हणून खेळाडूला मारावं तसं चाललं होतं ते. घशातून नुसता घोगरा आवाज. मी त्याची मूठ धरली तर मलाच हिसडा देऊन बाजूला फेकलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, अर्धं अंग लुळं पडलेलं, तरी केवढी ताकद होती! चौथ्या दिवशी गेला. त्याला आता पाच आठवडे झाले. हा लेख मी गोड लिहिणार नाही, आधीच सांगतो. तशी मला ताकीद आहे, आणि ती कोणाची ते पुढे येईलच.

दिगू आमच्या मंडळाचा डावा कोपरा. कबड्डीत बचावाची सुरुवात कोपऱ्यापासून होते, आणि त्याच्या शेजारी हातात हात घालून जो उभा असतो तो मी. त्याचा उजवा हात, माझा डावा. चौदाव्या वर्षापासून ही साखळी. दोघांचेही बाप गिरणीतले, दोघांच्याही गिरण्या बंद पडल्या, दोघांचीही घरं परळ सोडून इकडे आली, आणि राग काढायला आम्हाला मैदान मिळालं. दिगूने घोटा धरला की चढाई करणारा तोंडावर पडायचा. सोडायचा नाही. पंचांची शिट्टी झाली तरी सोडायचा नाही. कुर्ल्याला एका सामन्यात त्याने धरलेल्या पोराचा गुडघा कडकन वाजला, प्रेक्षक खुर्च्या घेऊन मैदानात आले, आणि आम्ही सात जण पाठीला पाठ लावून तासभर मार खाल्ला आणि दिला. माझा पुढचा दात त्या दिवशी पडला. तो दिगूच्याच कोपराने पडला, हे त्याने मरेपर्यंत कबूल केलं नाही. हरलो की कानाखाली, जिंकलो की पाठीत धपाटा, दोन्ही सारखेच लागायचे. प्रेम करायची त्याची तीच रीत होती, आणि मला ती आवडायची.

चार वर्षांपूर्वी सराव घेता घेता तो मैदानातच खाली बसला. म्हणाला, "छातीत कोंबडी फडफडतेय रे." मी हसलो. त्याने माझा हात ओढून छातीवर ठेवला आणि माझं हसू थांबलं. एक ठोका, मग तीन घाईघाईने, मग काहीच नाही, मग एकदम ढाणकन. मुलुंडच्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळायच्या ऐवजी नुसते थरथरतात. रक्त तिथे साचतं, गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूत गेली की झटका. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. "आणि काका, कबड्डी बंद. या गोळीवर मार लागला तर आतल्या आत रक्त वाहत राहील." दिगूने बाहेर येऊन पार्किंगच्या भिंतीवर अशी मूठ मारली की चार बोटं सुजली.

पण माणूस जिद्दी. आधी त्याने हा आजारही पकडीत घ्यायचा प्रयत्न केला. दारू सोडली, रात्रीचं जड जेवण सोडलं, पहाटे उठून स्टेशनपर्यंत चालायला लागला. भूल देऊन छातीला शॉक दिला, ठोका ताळ्यावर आला, तर शुद्धीवर येताच मला विचारतो, "किती जोरात उडालो रे?" सहा महिने झकास गेले. मग एका दुपारी जेवताना ताट बाजूला सारलं आणि मनगटावर बोटं ठेवून बसला. परत तेच. डॉक्टरांनी समजावलं, असं परत येऊ शकतं, लोक याच्यासोबत वीस-वीस वर्षं जगतात, वेग आवरणारं औषध देऊ, फक्त रक्त पातळ करणारी गोळी चुकवायची नाही. दिगूला 'सोबत जगणं' हे शब्दच कळायचे नाहीत. त्याच्यासाठी समोरचा एक तर बाद, नाहीतर आपण बाद.

आणि तो चोरून खेळला. फार नाही, सरावातली एकच पकड. दुसऱ्या दिवशी मांडी वांग्यासारखी जांभळी-काळी, गुडघ्यापर्यंत. वहिनींनी टॉवेलखालून पाहिलं आणि हातातला तांब्या सरळ त्याच्या डोक्याच्या दिशेने भिरकावला. तो चुकला, मागच्या कपाटाची काच फुटली. आवाज ऐकून मी धावलो तेव्हा त्या ओरडत होत्या. "मरायचंय तर माझ्यासमोर मरू नका! जा त्या मैदानात आणि तिथेच मरा!" दिगू म्हणजे आवाजाला आवाज देणारा माणूस, पण त्या दिवशी मान खाली घालून म्हणाला, "नाही खेळणार. शब्द देतो." दीड वर्ष त्याने तो पाळला. कडेला उभा राहून पोरांना शिव्या घालायचा. माझ्या शेजारी कोपऱ्यात दुसरा कोणीतरी उभा राहायचा. त्याचा हात घामट आणि ढिला. मला चीड यायची.

मग ती दाढ आली. हाड कापून काढायची होती, म्हणून दाताच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली. दाढ निघाली, फारसं रक्त आलं नाही, गोळी परत सुरू झाली. दिगू गालाला कापूस लावून माझ्याकडे आला, डोळे चमकत होते. "कळलं का तुला? दोन दिवस बंद ठेवली की मार लागला तरी डाग पडत नाही! डॉक्टरनेच दाखवलं ना!" आम्ही दोघं कबड्डीवाले. दुखापत म्हणजे जे दिसतं ते, एवढंच आमचं शास्त्र. डाग दिसला नाही तर वहिनींना कळणार नाही, म्हणजे काही झालंच नाही. डॉक्टरांनी ते दोन दिवस नीट तोलून दिले होते, कारणापुरते, त्यांच्या नजरेखाली. आम्ही त्याचा नियम करून टाकला. पन्नाशीच्या पुढच्यांचे सामने रविवारी सकाळी असतात. शुक्रवारी गोळी बंद, रविवारी खेळ, सोमवारी चालू. तीनदा केलं. एकदाही डाग नाही. आणि त्याचा हात परत माझ्या हातात... काय सांगू, मी विशीतला झालो होतो. मी त्याला अडवलं नाही. मला तो हवा होता शेजारी.

चौथ्या वेळी गुरुवारी सराव होता आणि रविवारी घाटकोपरला सामना, म्हणून त्याने मंगळवारपासूनच बंद केली. सामना आम्ही जिंकलो. शेवटची पकड त्याची, घोट्याची, समोरचा तोंडावर. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "आता चालू करतो." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी परत आहे ना सामना? मधे चालू करून काय उपयोग? राहू दे." हे मी म्हणालो. माझं वाक्य. तो म्हणाला, "ते पण खरंच," आणि बाहेर बघत बसला. हे रविवारी. फोन आला तो मंगळवारी.

आणि एवढ्यावर माझं पाप संपत नाही. इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी घाईघाईत दोनच गोष्टी विचारल्या. कधी झालं? वहिनी म्हणाल्या, सातला, माझ्या डोळ्यांसमोर. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? वहिनी म्हणाल्या, "हो हो, रोज घेतात, एकही चुकवत नाहीत." बाई म्हणाल्या, "मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही. गोळीवर असताना दिलं तर मेंदूत रक्तस्राव होईल." मी तिथेच उभा होतो, खाटेच्या कडेला. दिगू माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या डाव्या हाताने माझा शर्ट असा पिळून धरला होता की बटण तुटलं. मला वाटलं, तो म्हणतोय, बोलू नको, हिच्यासमोर बोलू नको. मी गप्प राहिलो. भाड्या, तोंड उघडायचं होतंस ना! आज मी स्वतःला ही शिवी रोज देतो. कदाचित तो म्हणत असेल, सांग. सांग रे लवकर. मला कसं कळणार? शेवटी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा मी बाईंना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. त्या इंजेक्शनची वेळ तोवर टळून गेली होती. "काका, सकाळीच का नाही सांगितलंत?" त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं. इंजेक्शन दिलं असतं तरी तो वाचलाच असता असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते मला पुरत नाही.

तेराव्यानंतर मी वहिनींकडे गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, शांत. म्हणाल्या, "भाऊजी, एका गोष्टीचं समाधान आहे बघा. इस्पितळात मी त्यांचं अंग पुसलं ना, मांडीवर, पोटरीवर एक डाग नव्हता. शेवटपर्यंत शब्द पाळला हो ह्यांनी." मी चहा अर्धा टाकून उठलो. मंडळाच्या शोकसभेत मी वीस मिनिटं बोललो, लोक रडले, आणि मी एक अक्षर खरं बोललो नाही. मग पेपराच्या या पुरवणीसाठी लेख मागितला गेला. तीन वेळा लिहायला बसलो. तिन्ही वेळा दिगू देवमाणूस झाला. तिन्ही वेळा कागद फाडले. त्या बाईकडे उरलेलं एकच समाधान, तेही आपण हिसकावून घ्यायचं का? आणि नाही सांगितलं तर तिच्या हातचा चहा कोणत्या तोंडाने प्यायचा? पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

गेल्या पंधरवड्यात, एका दुपारी, मी जाऊन सांगितलं. शुक्रवार-रविवारचा तो नियम, रिक्षातलं माझं वाक्य, सगळं. मी थांबल्यावर वहिनींनी विचारलं, "डॉक्टरांनी मला विचारलं, तेव्हा तू कुठे होतास?" सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं. मी म्हणालो, "तिथेच." त्यांनी मारलं. आधी एक कानाखाली, मग दोन्ही हातांनी, तोंडावर, छातीवर, जिथे लागेल तिथे. "मी खोटं बोलले त्यांना! माझ्या तोंडून! तू मला माझ्या नवऱ्याच्या मरणात खोटं बोलायला लावलंस!" बांगडी फुटून त्यांचंच मनगट कापलं तरी थांबल्या नाहीत. मी हात वर केले नाहीत. शेजारची सून धावत आली, तिने त्यांना मागे ओढलं. दम लागून त्या खाली बसल्या, बराच वेळ हुंदके दिले, आणि पदराने मनगट दाबत म्हणाल्या, "पेपरात लिहिणार होतास ना? हे लिही. त्यांना देव करू नकोस आणि स्वतःला वगळू नकोस. आणि यापुढे माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

म्हणून हे लिहिलं. पाय ठेवलेला नाही. पण चार दिवसांनी वहिनीच मैदानावर आल्या. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यांनी या मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं. सरळ मंडळाच्या खोलीत शिरल्या, दिगूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि मोठ्या वयाच्या खेळाडूंना हाक मारली. तेव्हापासून रोज संध्याकाळी येतात. कोणाला साखर आहे, कोणाला प्रेशर, एकाला दिगूसारखंच ठोक्याचं दुखणं आहे, सगळं काढून घेतलंय त्यांनी. एकेकाला समोर उभं करतात. "गोळी घेतलीस? गोळ्यांचं पाकीट दाखव. कोणाला विचारून बंद केलीस रे, शहाण्या?" परवा एकाने हसण्यावारी नेलं तर चप्पल काढली. मोठमोठे बाप्ये निमूट खिशातून पाकिटं काढतात. मलाही प्रेशरची गोळी आहे, दोन वर्षं झाली, वहिनींना ते माहीत आहे. मी त्या ओळीत उभा राहतो. त्या माझ्या अलीकडच्याला विचारतात, मग पलीकडच्याला विचारतात. मी रोज पाकीट खिशात घेऊन जातो.