सायकल घाटावर, मी पायथ्याशी

जळगावातून सायकल बाहेर काढली तेव्हा अंगात थंडी भरली होती आणि डोक्यात नाना. नाना म्हणजे आमच्या सायकल गटाचे म्होरके, असोद्याचे केळीवाले. माझं सासरही असोद्याचंच. जानेवारीत डोंगरातून लांबचा दौरा काढायचा असं गटात ठरलं आणि त्याचा रस्ता आखला मी. शाळेत भूगोल शिकवते, नकाशा घेऊन बसायला मला आवडतं. सातपुड्याच्या कडेने शिरपूर, वर तोरणमाळ, खाली नवापूर, मग चरणमाळचा घाट चढून पिंपळनेर आणि पुढे साल्हेरच्या डोंगरांत. पाणी कुठे, मुक्काम कुठे, कुठला चढ सकाळीच उरकायचा, सगळं मी ठरवलं. आणि बैठकीत नाना म्हणतात काय, "ताई, तुम्ही मागच्या गाडीत बसा. जेवणाखाणाचं बघायला कुणीतरी पाहिजेच."

माझं डोकंच फिरलं. "का? मला सायकल येत नाही?"

"तसं नाही हो. चरणमाळ तुम्हाला झेपायचा नाही."

"आणि झेपला तर?"

"पाय न टेकता चढून दाखवा, मग या आमच्याबरोबर."

सगळे हसले. त्यातल्या निम्म्यांनी तो घाट फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेला! मी तिथे वाद घातला नाही. शाळेत रजा टाकली आणि घाट चढून यायला निघाले.

एरंडोलपर्यंत रस्ता बरा गेला. कापसाने फुगलेले ट्रक अंगावर येत होते, पण वारा पाठीमागून होता. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला डबा घेऊन कोण उभं? माझी नणंद. "दादाचा फोन आला होता. खाऊन घे, मग जा." पुरी, वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. भरीत फर्मास होतं आणि मी चिडून चिडून खाल्लं. आमच्या ह्यांनी सगळ्या वाटेवर फोन करून ठेवले होते! धुळ्यात मावशीकडे मुक्काम केला, तर ती दारातच म्हणाली, "संगे कोनी पोरगं नही का?" (सोबत कोणी मुलगा नाही का?) मावशी, मी सेहेचाळीस वर्षांची बाई आहे, म्हटलं. ती म्हणाली, म्हणूनच विचारते.

दुसऱ्या दिवशी साक्री सोडल्यावर मात्र जीव रमला. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी रानं आणि समोर हळूहळू उंच होत गेलेले डोंगर. पिंपळनेरला माझा मामेभाऊ संजू राहतो. त्याची शेती आहे आणि भाजी वाहायला एक पिकअप. त्याच्या बायकोने झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली. जेवताना संजूने दहा वेळा सांगितलं, "घाट भलता खराब शे, अक्का." मीही दहा वेळा सांगितलं, माहीत आहे.

पिंपळनेर घाटाच्या माथ्याकडे आहे. म्हणजे आधी उतरायचं, मग तोच घाट चढून परत यायचं. सकाळी उतरले. सागाची पानं लालसर झाली होती, वळणावळणावर वानरं बसली होती, ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. खाली संजूच्या बायकोची मावशी राहते. तिच्याकडे न थांबता जायचं म्हणजे नात्यात कायमची अढी. संजू पिकअप घेऊन आधीच तिथे हजर. "दोन घास खा, मग चढ," म्हणाला. पाहुणीने पोटभर जेवल्याशिवाय उठायचं नाही हा आमच्याकडचा कायदा, आणि मावशी वाढतच होत्या.

हात धुवून बाहेर आले. सायकल नाही. पिकअपही नाही. मी अंगणात उभी, आणि थोड्या वेळात संजू हसत हसत परत आला.

"सायकल वर ठी उनू, अक्का. चहावालाकडे शे." (सायकल वर ठेवून आलो.) "आते बस गाडीमा."

"तुला कुणी सांगितलं होतं?" मी इतक्या जोरात ओरडले की मावशी हातातलं ताट घेऊनच बाहेर आल्या. "अरे, मी इथवर तेवढ्यासाठीच आले ना?"

"दाजींनी सांगं, सांभाळजो म्हणे."

त्याचं तोंड एवढंसं झालं, पण मला दया आली नाही. पिकअपमध्ये बसून वर गेले. चहावाल्याकडून सायकल घेतली, तोंड पुन्हा दरीकडे केलं आणि उतरले. खाली पोचून वळले आणि चढायला लागले.

मागे संजूची गाडी रांगत होती. पोटात मावशींचा वरण-भात, डोक्यावर ऊन. एका वळणावर ट्रकने मला पार कडेच्या खडीत ढकललं. चाक घसरलं, मांडी आखडली. मागून संजू ओरडला, "अक्का, बस झाया!" मी नाना, संजू, आमचे हे, सगळ्यांचा मोठ्याने उद्धार करत पॅडल मारत राहिले. पाय टेकला नाही. माथ्यावर पोचले तेव्हा मी वेड्यासारखी हसत होते.

जळगावला परत आल्यावर बैठकीत सांगितलं, घाट चढले. नानांनी मोबाईल पुढे केला. त्यात पिकअपमध्ये दोरीने बांधलेली माझी सायकल! संजूने कौतुकाने नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, तो असोदाभर फिरला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुणी मान डोलावली, कुणी छताकडे बघितलं. मग नानांनी माझ्यासमोरच संजूला फोन लावला.

"चढनी ना भाऊ! मी मांगेच व्हतू," (चढली ना, मी मागेच होतो) संजूचा आवाज खोलीभर आला.

"मग झालं तर!" नाना खूश. "ताईंचं नाव दौऱ्यात घ्या रे." टाळ्यासुद्धा वाजल्या.

घरी आले. ह्यांनी विचारलं, "घेतलं का?"

"घेतलं."

"मग डोळ्यांत पाणी का?"

"रागाने. घाट मी चढले आणि खरं संजूचं धरलं."

मी दौऱ्याला जाणार आहे, का नाही जायचं? रस्ता माझा आहे आणि सगळ्यांत पुढे मीच असणार. निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी सवयीने फोन हातात घेतला, तेव्हा म्हटलं, "करा, वाटेवर सगळ्यांना फोन करा. पण ती येतेय, एवढंच सांगा. सांभाळा म्हणू नका."